यातलं काय गेलं तर रडाल?

लॅपटॉप बिघडला म्हणून दुकानात गेलं की विचारतात, काय झालंय, कधीपासून होतंय, पासवर्ड काय. लातूरला क्लासेसच्या मोठ्या रस्त्यामागं एक गल्ली आहे. तिथल्या एका दुकानात मात्र यातलं काहीच आधी विचारत नसत. एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर चढवलेला एक उंच, वाळकुडा माणूस आपला लॅपटॉप हातात घ्यायचा, न उघडताच त्याच्यावर तळवा टेकवायचा आणि म्हणायचा,

"यातलं काय गेलं तर तुमी रडाल?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. बारावीची पोरं हसायची. "काहीच नाही मामू, फॉरमॅट मारून द्या," म्हणायची. मग मामू लॅपटॉप परत त्यांच्या हातात द्यायचे. "मारायची भाषा हितं न्हाई. घरी जा, इचार करा, उद्या या." खरंच हाकलून द्यायचे. पुढच्या चौकात अर्ध्या तासात काम करून देणारी चार दुकानं होती. तरी पोरं दुसऱ्या दिवशी मामूंकडंच यायची आणि खाली मान घालून काहीतरी सांगायची. हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीनं सांगितलं होतं, "आमच्या म्हशीचे फोटो." मामूंनी न हसता कागदाची पट्टी फाडली, तिच्यावर 'म्हैस' असं लिहिलं आणि लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवली. काम झाल्यावर त्यांनी त्या मुलीला समोर बसवून सगळ्यात आधी म्हैस उघडून दाखवली. मग बाकीचं.

ते आता नाहीत. मीही लातूर सोडून बरीच वर्षं झाली. माझा फोन हल्ली आपणच सगळं कुठंतरी साठवून ठेवतो आणि साठवलं म्हणून कळवतो. त्यातलं काय गेलं तर मी रडेन, असं कुणी विचारत नाही. अशा वेळी ती गल्ली फार आठवते.

मामू मूळचे नांदेडचे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मामू मात्र फोटो काढायला शिकले, आणि लातुरात येण्याआधी औशाकडच्या एका बाजाराच्या गावी त्यांचा स्टुडिओ होता. तो बंद करून ते इथं आले तेव्हा येताना दोनच वस्तू आणल्या: रंगवलेला पडदा आणि फोटोची खुर्ची. पडद्यावर निळं तळं होतं, दोन हंस होते आणि कुठंच न जाणारा एक संगमरवरी जिना होता. दुकानात त्याच्यापुढं ती खुर्ची. आपल्या फाइली तपासायला गिऱ्हाइकानं तिथंच बसायचं. अकरावीची पोरं त्या खुर्चीत बसली की आपोआप ताठ व्हायची, केस सारखे करायची.

एकही बटण मामू वाचल्याशिवाय दाबत नसत. स्क्रीनवर काहीही प्रश्न आला की मोठ्यानं वाचायचे, लगोलग त्याचं मराठी करायचे.

"हे इचारून राहिलंय, तुमची खात्री हाय का. सांगा, हाय का?"

"आहे ना, दाबा."

"तसं न्हाई. तोंडानं म्हणा, हाव."

"हाव!"

मग कुठं बटण दाबलं जाई. मागं रांगेत उभी असलेली पोरं कंटाळून तीही "हाव, हाव" ओरडायची. मामूंना त्याचा राग यायचा नाही. गिऱ्हाइकाच्या मागून आवाज वाढला की त्यांना उलट बरं वाटायचं.

दर कामाच्या दोन कॉप्या ते ठेवायचे. एक दुकानातल्या कपाटात. दुसरी संध्याकाळी कापडी पिशवीत घालून सायकलवर, गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीच्या घरी. कुणी विचारलंच, कपाटात दोन्ही का ठेवत नाही, तर म्हणायचे, "एका छपराखाली दोन कॉप्या म्हंजे एकच कॉपी." लातुरात हे ऐकून कुणी वाद घालत नसे. त्र्याण्णवचा भूकंप बघितलेली माणसं छपराकडं एकदा बघायची.

मी त्या रस्त्यावरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. गाव माझं बिलोली. वडील तिथं प्राथमिक शाळेत मास्तर होते. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. दर वर्षी लातुरात आदल्या वर्षीपेक्षा जास्त पोरं उतरायची, खोल्यांमध्ये खाटांवर खाटा चढायच्या, माझ्या दोन बॅचच्या तीन झाल्या, तीनच्या पाच. दिवाळीला घरी जायचं आणि उन्हाळ्यात चार दिवस, एवढंच माझं बिलोली उरलं होतं.

माझा लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झाला होता. झाकण सैल पडलेलं, बॅटरी कधीच संपलेली. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी आंघोळीला जायची. त्या वर्षी क्लासनं सांगितलं की चाचण्या आता कॉम्प्युटरवर घ्यायच्या, आणि ते नवं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर चालत नाही. माझ्या हातात एक आठवडा होता. मी लॅपटॉप घेऊन मामूंकडं गेले.

त्यांनी तळवा ठेवला, प्रश्न विचारला.

"प्रश्नसंच," मी म्हटलं. "सहा वर्षांचे. तेवढे नीट काढा. बाकी काही नको."

त्यांनी पट्टीवर 'प्रश्नसंच' लिहिलं. मग मागचं झाकण खोललं, आत टॉर्च मारून बघितलं. "नवी सिस्टीम हिला पेलंल का, ते आधी बघू. मेमरी अर्धी हाय. ती वाढवावी लागंल. आन् ह्या डिस्कवर नवी सिस्टीम टाकायची न्हाई. नवी डिस्क बसवू. जुनी हाय तशी काढून ठेवू."

"जुनी साफ करून मला द्या ना. जादाच्या फाइली ठेवायला होईल."

"सहा महिने तिला हात लावायचा न्हाई."

"अहो, सगळं नवीनवर आल्यावर जुनीचं काय काम?"

"आलं का न्हाई, ते कुणी बघितलं?"

मला पाच वाजताची बॅच होती. मी म्हटलं, बरं, करा तुमच्या मनासारखं. तरी त्यांनी सोडलं नाही. लॅपटॉप सुरू केला, दोन्ही चष्मे अदलाबदल केले आणि एकेका फोल्डरचं नाव वाचायला लागले. पेशी. वनस्पती. आनुवंशिकता. सहल. पावत्या. बाबा.

"हे काय?"

"माझे वडील. शेवटच्या वर्षी महिनाभर माझ्याकडं राहिले होते. मी दिवसभर क्लासवर. त्यांना वेळ जाईना म्हणून टायपिंग शिकायचं म्हणाले. कुणाकडून तरी मराठी टाकून घेतलं होतं आणि बसायचे बडवत. असंच काहीतरी असेल."

"आता कुठं असतात?"

"वारले. दोन वर्षं झाली."

"मग हे ठेवू का सोडू?"

मी घड्याळ बघितलं. आणि म्हटलं, "सोडा."

मामूंनी पेन्सिल खाली ठेवली. "उघडून बघितलंत कधी?"

"नाही."

"मग सोडायचं कसं ठरिवलं, बाई?"

मला खूप राग आला. ह्या माणसाला माझ्या घरातलं काय करायचंय, असं वाटलं. मी तशीच निघून आले. त्या दिवशी बॅचवर मी मुलांना तीनदा चुकीची आकृती काढून दिली.

खरं कारण मला ठाऊक होतं. बाबा महिनाभर इथं होते तेव्हा मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. मी सकाळी सातला निघायची, परत यायची ती घसा बसवून. ते विचारायचे, "ताई, एक शब्द विचारू का?" आणि मी म्हणायची, "बाबा, उद्या." त्या फोल्डरात काय आहे ते मला बघायचंच नव्हतं.

दोन दिवसांनी दुकानात गेले. लॅपटॉप चकचकीत पुसून ठेवला होता. बटण दाबलं आणि मी पिशवीतून पाण्याची बाटली काढेपर्यंत सुरूही झाला. मामूंनी मला खुर्चीत बसवलं. जुन्या डिस्कवर किती फाइली, नव्या डिस्कवर किती, दोन्ही आकडे कागदावर लिहून दाखवले. जुळत होते. मग प्रश्नसंच उघडले. आकृत्या जागच्या जागी होत्या, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंड, सगळं.

"झालं की," मी उठायला लागले.

"बसा." त्यांनी 'बाबा' उघडलं.

आत शंभरावर फाइली होत्या. त्यांनी पहिली उघडली. स्क्रीनभर नुसता गोंधळ. डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं. दुसरी उघडली, तीही तशीच.

"फाइल खराब झालेली दिसते," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला थोडं हलकंच वाटलं.

"फाइल चांगली हाय," मामू म्हणाले. "अक्षरं मागं राहिली. तुमच्या वडलांनी जुन्या फॉन्टात टाइप केलंय. तो फॉन्ट तुमच्या फोल्डरात नसतो, सिस्टीमच्या पोटात असतो. आपण फाइली आणल्या, फॉन्ट जुन्या डिस्कवरच राहिला." मग कपाळावर हात मारून घेतला. "माझी चूक हाय ही. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं."

ते कपाटाकडं गेले. फोटोच्या निगेटिव्ह ठेवायची बटर पेपरची मोठी पाकिटं असतात, तशा एका पाकिटातून माझी जुनी डिस्क काढली. लॅपटॉप पुन्हा खोलला, नवी उतरवली, जुनी चढवली. मी सांगितल्याप्रमाणं साफ केली असती तर तिच्यात त्या क्षणी काहीच नसतं. सिस्टीम सुरू व्हायला तिचा नेहमीचा वेळ लागला. मग त्यांनी तीच फाइल उघडली आणि स्क्रीनवर मराठी आलं.

त्यांनी एक ओळही वाचली नाही. लॅपटॉप माझ्याकडं फिरवला आणि बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिले.

बाबांनी शब्द जमवले होते. आमच्या भागातले, तेलंगणाच्या शिवेवरचे, अर्धे उर्दूतून आलेले, अर्धे तेलुगूतून. एका फाइलीत एक शब्द. मास्तर होते ना, म्हणून शब्द, अर्थ, आणि खाली 'वाक्यात उपयोग'.

गंपा : बांबूची टोपली. वाक्यात उपयोग : आई गंपा घेऊन शेतात गेली.

फुरसत : रिकामा वेळ. वाक्यात उपयोग : लातुरात कुणाला फुरसत नाही.

बेगीन : लवकर. वाक्यात उपयोग : ताई, बेगीन ये.

पुढच्या फाइलींतल्या वाक्यांतही ताई होती. ताईचा घसा बसला. ताईनं आज दोन घास कमी खाल्ले. ताई झोपेत मुलांची हजेरी घेते. मी त्यांच्याशी बोलले नाही त्या सगळ्या महिन्यात ते रोज माझ्याबद्दल एकेक वाक्य लिहीत होते, आणि ते शब्दाच्या अर्थाखाली ठेवत होते.

किती वेळ वाचत बसले, माहीत नाही. बाहेर दोन-तीन गिऱ्हाइकं आली असावीत, मामूंनी ती पायरीवरूनच परत पाठवली. शेवटी मी डोळे पुसून हाक मारली तेव्हा ते आत आले. लॅपटॉपच्या पाठीवरची 'प्रश्नसंच' लिहिलेली पट्टी त्यांनी नखानं काढली, नवी पट्टी फाडली आणि पेन्सिल घेऊन विचारलं, "आता काय लिहू?"

त्या आठवड्यात त्यांनी तो फॉन्ट जुन्या डिस्कवरून काढून नव्या सिस्टीमवर बसवला, शिवाय सगळ्या फाइली आजच्या युनिकोड मराठीत बदलून घेतल्या, म्हणजे पुढं फॉन्ट मिळो न मिळो, वाचता येतील. बदलताना जोडाक्षरं मोडत होती. ती एकेक करून त्यांनीच दुरुस्त केली. शंभरावर फाइली. मी म्हटलं, मी करते की. तर म्हणाले, "तुमाला वाचायलाच वेळ लागून राहिला बाई, दुरुस्ती कवा करणार?"

तेव्हापासून दुपारच्या दोन बॅचच्या मध्ये मी तिथं जाऊन बसायला लागले. ते बशीतून चहा प्यायचे आणि मधूनच म्हणायचे, "हा शब्द हाय का वडलांच्यात?" आणि नांदेडकडचा, त्यांच्या आईच्या तोंडचा एखादा शब्द सांगायचे. मी तो टाइप करायची. अर्थ आम्ही दोघं ठरवायचो. वाक्यात उपयोग मात्र ते मला लिहू द्यायचे नाहीत, स्वतः सांगायचे, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यात सायकल असायची.

अशाच एका दुपारी मी विचारलं की उघडल्याशिवाय काही सोडायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"भूकंपाच्या साली माझा स्टुडिओ होता ना, तवाची गोष्ट हाय," म्हणाले. "बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यातली माणसं फोटो काढायला यायची. निगेटिव्हचे डबेच्या डबे साचले होते. बुरशी लागून राहिली होती. त्या उन्हाळ्यात चांदी काढणारा एक जण आला. जुन्या निगेटिव्हमधून चांदी निघते. म्हटलं, एवढं कोण मागायला येतंय? शेवटच्या एका वर्षाच्या ठेवल्या, बाकी सगळ्या देऊन टाकल्या. कुणाच्या हायेत, बघितलं पण न्हाई."

आणि मग गणपती उठले, आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत ती गावं मातीत गेली.

"चार-पाच दिवसांनी माणसं यायला लागली. घरातला फोटो ढिगाऱ्यात गेलेला. पण निगेटिव्ह स्टुडिओवाल्याकडं असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी आईसाठी यायचं, कुणी पोरासाठी. ज्यांची निघाली त्यांना मी मोठे फोटो करून दिले. पण ज्यांची न्हाई... एक जण आला. माझ्याच वयाचा. विसर्जन बघायला तालुक्याला गेलेला म्हणून वाचला. म्हणाला, बायको आन् पोरगी गेली, तुमी फोटो काढला होता. कवा, म्हटलं. तीन-चार वर्षं झाली असतील. मला त्याच टायमाला कळलं की न्हाई आपल्याकडं. तरी दिवसभर एकेक डबा काढून त्याच्या समोर बघून राहिलो. न्हाई म्हणायला तोंडच उघडंना. शेवटी त्यानंच माझा हात धरला. मी जे रडलो बाई, त्यानं मला पाणी पाजलं."

तो माणूस पुढं मी स्वतः पाहिला. गणपती उठल्यावर चार-सहा दिवसांनी दर वर्षी यायचा. पांढरी टोपी, हातात सीताफळांची पिशवी. खुर्चीत बसायचा नाही, बाजूच्या बाकावर बसायचा. मामू काम बंद करायचे. चहा व्हायचा. मग मामू सांगायला लागायचे, दर वर्षी तेच.

"हिरवं लुगडं नेसल्या होत्या तुमच्या घरच्या. पोरगी मांडीवर थांबतच नव्हती. मी पेनाचं टोपण दिलं तिच्या हातात. मग बसली गप. टोपणाकडंच बघत होती. मी म्हटलं, वर बघ बाळा. तवा वर बघितलं तिनं."

तो माणूस डोळे मिटून ऐकायचा. सगळं संपल्यावर "हाव" म्हणायचा, सीताफळं ठेवायचा आणि एसटीला जायचा.

एकदा तो गेल्यावर मी म्हटलं, "मामू, तुमची आठवण जबरदस्त आहे. इतक्या वर्षांपूर्वीचं पेनाचं टोपणसुद्धा!"

ते एकदम माझ्याकडं वळले. दोन्ही चष्मे काढून ठेवले.

"मला काहीच आठवत न्हाई, बाई. बाजाराच्या दिवशी वीस-वीस जोड्या यायच्या. पहिल्या वर्षी तो आला, आन् नुसता बसून राहिला. मला वाटलं, काहीतरी द्यावं ह्याला. तोंडाला आलं ते बोललो. हिरवं लुगडं म्हणालो, कारण सगळ्याच बाया हिरवं नेसायच्या. मग दुसऱ्या वर्षी तेच सांगावं लागलं. लोकांची एक फाइल इकडची तिकडं होऊ देत न्हाई मी. आन् ह्या एका माणसाला खोटं देऊन राहिलो. कवातरी खरं सांगून टाकणार हाय."

मी म्हटलं, सांगू नका. लगेच म्हटलं, काय माहीत, सांगा. दोन्ही बोलून मी बॅचला निघून गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचे गुडघे गेले. सायकल सुटली, मग दुकानही. नांदेडहून मुलगी न्यायला आली. जायच्या आधी महिनाभर ते रिक्षानं फिरून लोकांच्या जुन्या डिस्का ज्याच्या त्याच्या हातात देत होते. ज्यांची पोरं लातूर सोडून गेली होती त्यांच्या गावचे पत्ते शोधून पाठवत होते. माझी द्यायला आले तेव्हा जिना चढवेना, खालूनच हाक मारली. मी धावत खाली गेले. बोलायचं खूप होतं. ते म्हणाले, "येतो बाई." मी म्हटलं, "या." एवढंच झालं.

त्या वर्षी गणपती उठले आणि आठवड्याभरात क्लासच्या वॉचमननं मला बोलावलं. फाटकापाशी टोपीवाले दादा उभे होते, हातात सीताफळं. दुकानाला कुलूप होतं, आणि समोरच्या चहावाल्यानं त्यांना माझ्याकडं धाडलं होतं.

मी त्यांना पायरीवर बसवलं, मामू नांदेडला मुलीकडं गेल्याचं सांगितलं. सीताफळांची पिशवी त्यांनी मांडीवरच धरून ठेवली. एवढ्या लांबून आलेला माणूस रिकामा परत जाणार, या विचारानं मला कसंतरी झालं. त्यांना जे हवं असतं ते आता माझ्याखेरीज इथं कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगायला लागले. हिरवं लुगडं. मांडीवर न थांबणारी पोरगी. पेनाचं टोपण. वर बघ बाळा.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाले, "जांभळं व्हतं."

"काय?"

"लुगडं. जांभळं व्हतं. आन् पोरगी त्या फोटूत नव्हतीच, बाई. फोटू लगीन झाल्या-झाल्या काढलेला. ती मागून झाली."

"मग इतकी वर्षं तुम्ही त्यांना बोलला नाहीत?"

"कसं बोलावं? त्या दिशी लई रडले व्हते ते. माझं तर सगळं गेलंच व्हतं, पर म्हटलं ह्या मानसाचं कसं व्हावं. म्हून दुसऱ्या साली बघायला गेलो, तर ते सांगाया लागले." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आन् माझ्या पोरीचा फोटू कुनीच काढला न्हाई कवा. ते सांगायचे, तवा वाटायचं, काढला व्हता."

मी ती बॅच दुसऱ्या सरांना दिली. दादांना रिक्षानं स्टँडवर नेलं, मामूंच्या मुलीच्या घरचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि नांदेडच्या गाडीत बसवलं. खिडकीतून ते म्हणाले, "हे त्यास्नी सांगू नगा." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामूंचा फोन आला.

"आले होते बाई ते, हितवर. दिवसभर होते. आज खरं सांगून टाकायचं ठरिवलं होतं. तोंड उघडलं, आन् म्हणालो, टोपण हातात दिलं तवा पोरगी हसली होती."

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हणाले, हसायचीच ती. सारखी हसायची."